वाचकांचे प्रश्न : जर्मनीतले घर, गाडी आणि बाग

या खेपेच्या टपालात जर्मनीत राहणाऱ्या किंवा तिकडे निघालेल्या मुलाबाळांविषयीची पत्रे बरीच आहेत. व्हिसा आणि विमानाची तिकिटे यांची माहिती सगळ्यांनी आधीच मिळवलेली दिसते. घोडे अडते ते रोजच्या व्यवहारात, आणि तेही बहुधा अमुक गोष्ट केव्हा करावी या मुद्द्यावर. म्हणून त्यांतली निवडक पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझा भाचा नोकरीसाठी म्युनिकला निघाला आहे. गोव्यात तो अनेक वर्षे गाडी चालवतो. येथून काढलेला आंतरराष्ट्रीय वाहन परवाना वर्षभर चालेल, असे तो म्हणतो. त्याच्या मित्राकडे पोर्तुगीज पासपोर्ट असल्यामुळे त्या मित्राला परीक्षा द्यावीच लागणार नाही, असेही ऐकले. हे खरे आहे का? — एक वाचक, म्हापसा

उत्तर : दोन्ही समजुती चुकीच्या आहेत आणि दोन्ही महागात पडू शकतात. आंतरराष्ट्रीय परवान्यावर एका वर्षाची मुदत छापलेली असली, तरी जर्मनीत वास्तव्य सुरू झाल्यापासून भारतीय परवान्यावर फक्त सहा महिने गाडी चालवता येते. आपला मुक्काम बारा महिन्यांपेक्षा अधिक नाही असे सिद्ध करता आले, तरच ही मुदत वाढवून मिळू शकते. आंतरराष्ट्रीय परवाना हा मूळ परवान्याचा अधिकृत अनुवाद समजावा. तो सोबत असला की भाषांतराचा प्रश्न सुटतो, पण मुदत वाढत नाही.

मित्राच्या बाबतीत पासपोर्ट कोणत्या देशाचा आहे याला काहीच महत्त्व नाही, कारण परवाना कोणत्या देशाने दिला एवढेच पाहिले जाते. काही देशांचे परवाने परीक्षेशिवाय बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही. त्यामुळे पासपोर्ट पोर्तुगीज असला, तरी परवाना गोव्याचा असेल तर लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. पोर्तुगीजचा उपयोग झालाच तर वेगळ्या कारणाने होईल : लेखी परीक्षा ज्या परभाषांतून देता येते, त्यांत इंग्रजीबरोबर पोर्तुगीजही आहे. त्या यादीत हिंदी किंवा मराठी मात्र नाही.

भारतीय परवाना असलेल्याला ड्रायव्हिंग स्कूलचे ठरावीक तास सक्तीचे नसतात, परंतु परीक्षा शाळेच्याच गाडीत आणि शिक्षक शेजारी बसलेला असताना होते. डोळ्यांची तपासणी आणि प्रथमोपचाराचे एक दिवसाचे प्रशिक्षण आधी पूर्ण करावे लागते. ही कागदपत्रे, कार्यालयाची मंजुरी आणि परीक्षेची तारीख यांत महिने सहज निघून जातात. म्हणून भाच्याने तिकडे पोहोचताच अर्ज करावा. पाचव्या महिन्यात जागे होणाऱ्याला पुढचे काही महिने बसनेच फिरावे लागते.

सक्ती नसली तरी काही तास शिकवणी घ्यावी, असे आग्रहाने सुचवतो. आपल्याकडे वर्षानुवर्षे गाडी चालवलेली माणसे तिथे नापास होतात ती स्टिअरिंग येत नाही म्हणून नव्हे. अंगवळणी पडलेल्या सवयी आड येतात. वस्तीतल्या ज्या चौकात कोणतीही पाटी किंवा दिवा नसतो, तिथे उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग तो लहानशा गल्लीतून का येईना आणि तुमचा रस्ता कितीही रुंद का असेना. मुख्य रस्त्यावरच्याने पुढे निघायचे आणि गल्लीतल्याने थांबायचे, हा आपला अलिखित नियम तिथे अपघाताला आमंत्रण ठरतो. वळताना किंवा लेन बदलताना आरशात पाहणे पुरत नाही. मान वळवून खांद्यावरून मागे पाहावे लागते आणि परीक्षक नेमके तेच पाहत असतो. हॉर्नचेही तसेच आहे. पेडण्यापासून काणकोणापर्यंत प्रत्येक आंधळ्या वळणावर हॉर्न वाजवणे हा आपल्याकडे शहाणपणाचा भाग असला, तरी तिथे धोका टाळण्यासाठी किंवा वस्तीबाहेर ओव्हरटेक करताना इशारा म्हणूनच तो वाजवता येतो.

वेगमर्यादा सहसा वस्तीत ताशी ५० आणि वस्तीबाहेरच्या साध्या रस्त्यांवर १०० किलोमीटर असते. महामार्गावर वाटेल तेवढा वेग चालतो ही ख्याती अर्धीच खरी आहे. बऱ्याच पट्ट्यांवर मर्यादेच्या पाट्या आहेत, आणि जिथे नाहीत तिथेही १९७८ पासून १३० हा शिफारस केलेला वेग आहे. महामार्गावर वाहतूक तुंबू लागली की डावीकडच्या लेनमधल्यांनी आणखी डावीकडे आणि बाकीच्यांनी उजवीकडे सरकून रुग्णवाहिकेसाठी मधे वाट मोकळी ठेवायची असते. रुग्णवाहिकेचा आवाज ऐकू येण्याची वाट पाहायची नसते. जो हे करत नाही त्याला किमान २०० युरो दंड होतो आणि त्याच्या नावावर फ्लेन्सबुर्ग शहरातल्या चालकांच्या केंद्रीय नोंदवहीत दंडाचे दोन गुण चढतात. आठ गुण झाले की परवाना जातो.

प्रश्न : मुलगा आणि सून स्टुटगार्टला आहेत. मे महिन्यात आम्ही दोघे जाणार आहोत. मानकुराद, घरचे तूप, सुकी सुंगटे, सोले आणि तिरफळे न्यावीत असे मनात आहे. तिथे हुमण करता येईल का? — एक गृहिणी, फोंडा

उत्तर : मानकुरादाचे वाचून आम्हालाही वाईट वाटले, पण ते येथेच खाऊन जावे. युरोपीय संघाबाहेरून ताजी फळे नेण्यासाठी वनस्पती-आरोग्याचे सरकारी प्रमाणपत्र लागते. अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढ्याच फळांना त्यातून सूट आहे. कढीपत्त्याच्या ताज्या पानांनाही प्रमाणपत्राचा हाच नियम लागू होतो. तूप, खवा यांसारखे दुधाचे पदार्थ आणि कोणत्याही स्वरूपातले मांस प्रवाशाला नेता येत नाही. मासळीबाबत नियम सैल असून स्वतःच्या वापरापुरती वीस किलोपर्यंत नेता येते. तेव्हा सुकी सुंगटे खुशाल न्या, मात्र तीन थरांत बांधा; शेजारच्या प्रवाशाने काय पाप केले आहे? वाळवलेली सोले आणि तिरफळे यांना अडचण नाही. सुके खोबरे ज्वालाग्राही समजून विमानतळावर अडवले जाते, म्हणून ते नेऊ नये.

हुमण नक्की होईल. खवलेला नारळ गोठवलेल्या पाकिटांतून आशियाई दुकानांत मिळतो. ताजा अख्खा बांगडा तुर्की दुकानांत किंवा आठवडी बाजारातल्या मासळीच्या गाड्यावर शोधावा, कारण साध्या दुकानात तो बहुधा धुरी दिलेला असतो. तिथला बांगडा आपल्यापेक्षा चरबीयुक्त असल्यामुळे नारळ थोडा कमी आणि सोले दोन अधिक घालावीत. विजेचा दाब आपल्यासारखाच, २३० व्होल्ट आहे. त्यामुळे येथला मिक्सर पिनेचा जोड लावून चालतो. शेगडी इंडक्शनची असेल तर मातीचे भांडे आणि साधे अ‍ॅल्युमिनियमचे टोप तापणार नाहीत.

वासाविषयी आपण विचारलेले नाही, तरी सांगतो. तिथल्या खिडकीची मूठ वर फिरवली तर तावदान वरून थोडे आत कलते आणि आडवी केली तर सबंध खिडकी दारासारखी उघडते. स्वयंपाक झाल्यावर ती आडवी करून सगळ्या खिडक्या पाच-दहा मिनिटे सताड उघड्या ठेवाव्यात, थंडीतसुद्धा. नुसती कलती ठेवली तर वाफ आतच राहते, भिंतीला बुरशी धरते आणि घरमालकाशी वाद सुरू होतात.

प्रश्न : तिथे रविवारी काहीच करू देत नाहीत, असे मुलगी सांगते. — एक वाचक, साखळी

उत्तर : दुकाने बंद असतात, म्हणून सामान शनिवारी भरावे. गवत कापण्याचे यंत्र वस्तीत रविवारी आणि सुटीच्या दिवशी, तसेच इतर दिवशी रात्री आठ ते सकाळी सात या वेळात चालवता येत नाही. कपडे धुण्याचे यंत्र इमारतीच्या नियमांवर अवलंबून असते. रविवारच्या बंद दुकानांना एक गमतीचा अपवाद म्हणजे हॅम्बर्गचा १७०३ पासूनचा मासळीबाजार, जो रविवारी पहाटेच भरतो.

प्रश्न : लेकीला लाइपझिगमध्ये वसाहतबागेचा (संस्थेकडून भाड्याने मिळणाऱ्या शहरी बागेचा) तुकडा मिळाला आहे. तिथे खोल्याची मिरची, भेंडी, तांबडी भाजी लावता येईल का? बागेतल्या खोपीत राहता येते का? — एक बागायतदार, पेडणे

उत्तर : लेकीचे अभिनंदन, कारण मोठ्या शहरांत अशा बागेसाठी वर्षानुवर्षे यादीत थांबावे लागते. तिने शहरही योग्य निवडले आहे. मुलांनी मोकळ्या हवेत खेळावे असा आग्रह धरणारे तिथले डॉक्टर श्रेबर यांच्या नावाने ओळखली जाणारी पहिली संस्था १८६४ मध्ये लाइपझिगमध्येच निघाली. ती सुरू झाली मुलांच्या खेळाच्या मैदानासाठी. मैदानाच्या कडेने मुलांसाठी वाफे केले गेले आणि पुढे ते मोठ्यांनी ताब्यात घेतले.

१९८३ च्या कायद्यानुसार ही बाग ४०० चौरस मीटरपेक्षा मोठी नसावी आणि खोपी ओटीसह २४ चौरस मीटरपर्यंतच असावी. त्या खोपीत कायमचे राहता येत नाही. निदान एक तृतीयांश जागेत भाजी आणि फळे पिकवावी लागतात. सगळीकडे हिरवळ करून खुर्च्या मांडल्या, तर संस्थेचे पत्र येते. कुंपणाची झुडपे १ मार्च ते ३० सप्टेंबर या काळात पक्ष्यांच्या घरट्यांसाठी मुळापर्यंत छाटता येत नाहीत, वरवरची कातरणी चालते.

लागवडीसाठी आपण जसे मृगाकडे पाहतो, तसे तिथले माळी १५ मेकडे पाहतात. ११ ते १५ मे हे थंडीच्या संतांचे दिवस मानले जातात आणि ते उलटेपर्यंत दहिवराने कोवळी रोपे करपण्याची भीती असते. मिरचीचे बी फेब्रुवारी-मार्चमध्ये घरातच, उजेडाच्या खिडकीत रुजवावे आणि रोपे या दिवसांनंतर बाहेर काढावीत. तांबडी भाजी मेच्या अखेरीस थेट वाफ्यात पेरली तर तिथल्या लांब दिवसांत जोमाने येते. मेथी, कोथिंबीर आणि मुळा यांना एप्रिलचा गारवा मानवतो. भेंडी उघड्यावर रुसते. तिला काचघर किंवा प्लास्टिकचा बोगदा हवा. खोल्याच्या मिरचीचे बी मात्र खिशात घालून पाठवू नये. पेरणीच्या बियांनाही वर सांगितलेले प्रमाणपत्र लागते.

पाण्याचा विचार आपल्या सवयीने करू नये. जुलैत आपण पाणी निघून जावे म्हणून चर खणतो. हार्झ डोंगराच्या पर्जन्यछायेतल्या लाइपझिगला अख्ख्या वर्षात पाऊस पडतो तो साधारण ५०० ते ६०० मिलीमीटर, म्हणजे गोव्याच्या पाचव्या हिश्श्याएवढा. तेव्हा मेच्या आधीच खोपीच्या पन्हाळीखाली पिंप ठेवावे आणि उन्हाळ्यात प्रवासाला निघताना शेजारच्या बागवाल्याला पाणी घालायला सांगून जावे. त्याच्या वाफ्याला पाणी घालण्याची पाळी मग तिची.