कॅमेऱ्याला बांगड्यांचे हातही दाखवा

प्रश्न : ताई, अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं टॉवेल-चादरींचं गोडाऊन आहे. ऑर्डरप्रमाणे माल काढायला चौदा जण, त्यात नऊ बायका. कुणी तेलुगू बोलतं, कुणी कन्नड, कुणी मराठी, कुणी उर्दू. चुकीचा माल जाऊ नये म्हणून पॅकिंगच्या टेबलावर कॅमेरे बसवतोय. विकणारा म्हणतो, आता जुन्या माणसांची गरज नाही. खरं का?
– एक गोडाऊनमालक, सोलापूर

उत्तर : नाही दादा. त्याच्या शब्दावर एकालाही कमी करू नका. मी डिस्पॅचमध्ये एकोणीस वर्षं काढली आहेत.

कॅमेरा रंग, लेबल आणि नग बघतो, आणि ते काम चांगलं करतो. पण एकाच रंगाचा ४०० आणि ५०० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) टॉवेल त्याला सारखाच दिसतो. आमच्याकडच्या एक मावशी, पूर्व भागातल्या, घडीची कड चिमटीत धरायच्या आणि म्हणायच्या, "हा पातळ आहे, बाजूला ठेव." ३० बाय ६० इंची टॉवेल ४०० जीएसएमचा असला तर साधारण ४६५ ग्रॅम भरतो, ५०० चा ५८०. डझनामागे जवळपास १ किलो ४०० ग्रॅमचा फरक! म्हणून कॅमेऱ्याबरोबर वजनकाटाही घ्या, आणि मावशींसारखी माणसं जपा.

आता महत्त्वाचं. मशीनला शिकवताना कुणाच्या हातांचे फोटो काढले, ते विकणाऱ्याला विचारा. मी होते तिथे पहिल्या पाळीतल्या पोरांचेच काढले होते. दुसऱ्या पाळीला बायका आल्या, हातात हिरव्या काचेच्या बांगड्या, तळव्यावर मेंदी. हात खोक्यावर गेला की पडद्यावर लाल चौकोन. सुपरवायझर चूक त्या बाईच्या नावावर मांडायचा. खोकी उघडून मोजली तेव्हा माल बरोबर निघाला. एकीचे कापलेले पैसे हातात पडेपर्यंत दिवाळी आली. मला ते अजून लागून राहिलंय.

हे फक्त आमच्याकडचं नाही. चेहऱ्यावरून बाई की पुरुष हे सांगणारी सॉफ्टवेअर जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोन संशोधक बायकांनी तपासली, निष्कर्ष २०१८ मध्ये आले. गोऱ्या पुरुषांत चूक फार तर ०.८ टक्के, सावळ्या बायकांत ३४.७ टक्क्यांपर्यंत.

पडद्यावर इंग्रजी वाक्यं नकोत. मालाचं चित्र आणि अंक ठेवा, ते चौदाही जणांना कळतील. नुसता लाल-हिरवा दिवाही नको. तो फरक न दिसणारे लोक असतात, पुरुषांत जास्त. सोबत आवाज द्या. पडद्याची उंची तुमच्याकडच्या सगळ्यात बुटक्या बाईला उभं करून ठरवा.

पहिले दोन महिने कॅमेऱ्याची नोंद कुणाच्याही पगाराला लावू नका. लाल चौकोन आला की खोकं दोघांनी मोजायचं. माल बरोबर निघाला तर चूक कॅमेऱ्याच्या नावावर लिहायची, आणि ती वही माल काढणाऱ्या बायकांकडेच ठेवा.