ही कानउघाडणी नाही रे, खरडपट्टी

प्रिय बाळा,

तुझा मेसेज वाचला, सेकंड शिफ्ट सुटल्यावर सातपूरच्या स्टॉपवरूनच टाइप केलेला दिसतोय. "सरांनी माझी कानउघाडणी केली" असं लिहिलंयस आणि खाली लगेच, सगळ्या शिफ्टसमोर दहा मिनिटं ओरडत होते. अरे मग ती कानउघाडणी नाही, माझ्या मते ती बाजूला घेऊन करायची असते, समोरच्याला नीट ऐकू जावं म्हणून. ही खरडपट्टी. त्यात खरडणं आहे, दुधाच्या पातेल्याची करपलेली खरवड उलथन्याने काढताना दात शिवशिवतात ना, तसं. झापलं, हजेरी घेतली हे त्यामानाने रोजचे शब्द, आणि बिनपाण्याने केली म्हणजे तर दाढीला पाणी न लावता कोरडाच वस्तरा, तो सगळ्यात जास्त झोंबतो.

आता तुझं. लेथच्या चकमध्ये, म्हणजे जॉब धरून फिरणाऱ्या पकडीत, ती आवळायची चौकोनी टोकाची चावी तशीच राहिली आणि तू मशीन चालू केलंस. नशीब ती पत्र्यावर गेली, स्पिंडल फिरला की चावी गोळीसारखी सुटते, कुणाच्या तोंडावर बसेल सांगता येत नाही. मी ट्रेनी असताना अंबडला हेच केलं होतं, आमच्या फोरमननी अशी काढली की त्या दिवशी डबा न उघडता घरी आणला. पण बोलले ते फक्त चावीवर. चावी चकमध्ये आहे तोवर हात तिच्यावरून काढायचा नाही, एवढंच पुन्हा पुन्हा, आणि इतक्या वर्षांत माझा हात कधी सुटला नाही.

तुझे सर चावीवरून तुझ्या गावावर गेले, मग आईबापावर. तिथे शब्द बदलतो बाळा. चावीवरून जेवढं बोलले ती खरडपट्टी, ती मुकाट्याने खा, तुझी चूकच तशी होती. आईबापावरचं तो अपमान, तो खरडपट्टीच्या नावाखाली गिळू नकोस. उद्या चहाच्या वेळेला एकटे भेटले की सांग, सर चावीची चूक माझी, परत होणार नाही, पण घरच्यांना मध्ये आणू नका. आवाज चढवायचा नाही. पोटात गोळा येईल मला माहितीये, तरी सांग.

रविवारी घरी ये, मिसळ खाऊ. माझ्याकडे स्प्रिंगवाली चावी पडून आहे, हात सैल सोडला की आपोआप चकमधून बाहेर येते, ती घेऊन जा. येताना तुझ्या चकच्या चौकोनाचं माप तेवढं व्हर्नियरने घेऊन ये.

तुझा काका