तेच प्रश्न पाच वेळा कशाला?

प्रश्न : माझी चार वर्षांची मुलगी न्यूमोनियामुळे एका शिकवण्याच्या रुग्णालयात आठवडाभर होती. रोज नवे शिकाऊ डॉक्टर येत नि तेच तेच विचारत. तिच्यावर हात साफ करत होते का हे? – एक आई, चिपळूण

उत्तर : ताई, वैताग येणारच. पण वही घेऊन खाटेशी उभी राहणारी ती पोर मीही होते. एम.डी.ची तीन वर्षं अशीच जातात. आमच्या वॉर्डात एकदा धाप लागलेलं दोन वर्षांचं बाळ आलं. चौघांनी दम्याबद्दल विचारलं. पाचव्या, अगदी नवख्या इंटर्नने आजीला विचारलं, ‘‘खाताना ठसका लागला होता का?’’ आजी म्हणाली, ‘‘हो की, शेंगदाणे खात होता.’’ दुर्बिणीने श्वासनळीतून अर्धा दाणा निघाला! म्हणून पुन्हा विचारलं तर पुन्हा सांगा.

सुईचं मात्र वेगळं. शीर दोनदा सापडली नाही, तर ‘‘सीनियरना बोलवा’’ असं खुशाल म्हणा. मुलांचे डोस वजनावर ठरतात, तेव्हा ‘‘आज वजन केलं का?’’ हेही विचारावं.

आणि तिच्यावर संशोधन तर चाललं नव्हतं ना, अशी शंका असेल, तर ते सहसा तुम्हाला न सांगता करता येत नाही. संशोधन योग्य आहे का हे तपासणाऱ्या नैतिकता समितीची मंजुरी लागते, आईबापांची लेखी संमती लागते. सात वर्षांपुढच्या मुलाचा स्वतःचा होकारही घ्यावा लागतो. नाही म्हणालात तरी उपचार थांबत नाहीत. तुमच्याकडून असा कागद घेतला होता का? नसेल, तर ते प्रश्न बहुधा उपचाराचे नि शिकण्याचेच होते.