पहिल्यांदाच परदेशी निघालात ना?

आधी पासपोर्टची मुदत बघा. अनेक देशांना ती पुढचे ६ महिने तरी शिल्लक लागते, नाहीतर विमानातच चढू देत नाहीत. इमिग्रेशनचा अधिकारी हसला नाही तरी घाबरू नका. कुठे उतरणार, परत कधी, एवढंच बहुतेक विचारतो.

मुक्कामाचा पत्ता तिथल्या लिपीत कागदावर ठेवाच. माझा फोन ऐन रात्री बंद पडला, तेव्हा टॅक्सीवाल्याला तो चुरगळलेला कागदच दाखवला आणि सुखरूप पोहोचले.

कार्ड मशीनने चलन विचारलं तर तिथलंच निवडा, आपल्या चलनाचा दर महाग पडतो. औषधं मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. स्यूडोएफेड्रिन जास्त असलेली सर्दीची गोळी जपानमध्ये चालत नाही. पहिले दोन दिवस झोप उडेल, सगळं परकं वाटेल. तेव्हा फार फिरायचं ठरवू नका.