मुंबई-लंडन: जाताना साडेचार तास, येताना साडेचौदा?

प्रश्न: जानेवारीत आई-बाबा बहिणीकडे लंडनला जाणार आहेत. तिकिटाप्रमाणे विमान मुंबईहून दुपारी १.३० ला निघून संध्याकाळी ६ ला पोहोचतं. परतीचं रात्री ९ ला निघून दुसऱ्या दिवशी सकाळी ११.३० ला येतं. अंतर तेच, मग वेळेत एवढी तफावत कशी? नेटवर बघितलं तर आठ तास दिसतात. (वाचक, सातारा)

उत्तर: तिकिटावरची प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. जानेवारीत लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असतं. तिथले संध्याकाळचे ६ म्हणजे आपले रात्रीचे ११.३०, प्रवास झाला १० तासांचा. परतीला तिथले रात्रीचे ९ म्हणजे आपले पहाटेचे २.३०, तिथून ११.३० पर्यंत ९ तास. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपर्यंत मात्र फरक साडेचारच तासांचा असतो. परतीचं तिकीट एप्रिलचं असेल तर हिशेब नव्याने करा.

उरलेला एक तास वाऱ्याचा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारा वाहतो, हिवाळ्यात जास्तच. जाताना तो समोरून येतो, येताना पाठीमागून ढकलतो.

नेटवरचे आठ तास म्हणजे ७,२०० किलोमीटर अंतर भागिले ताशी ९०० किलोमीटरचा वेग, बस्स. त्यात ना वारा, ना धावपट्टीपर्यंतची रांग, ना लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्यापूर्वी आकाशात मारलेल्या घिरट्या. घरी अंदाज काढायचा तर सरळ अंतरात सहा टक्के वळसा मिळवा (सुमारे ७,६३०), जाताना ८५० ने आणि येताना ९५० ने भागा, वर पाऊण तास धरा. उत्तर पावणेदहा आणि पावणेनऊच्या आसपास येतं, म्हणजे तिकिटाच्या अगदी जवळ.

बहिणीला एक सांगून ठेवा: ६ ला विमान टेकतं, माणसं बाहेर येत नाहीत. इमिग्रेशन आणि बॅगांत तासभर सहज जातो. आणि बाबांच्या मनगटावरचं घड्याळ लंडनला उतरेपर्यंत भारतीय वेळेवरच असू द्या, गोळ्यांमधलं अंतर चुकत नाही. इन्सुलिन असेल तर वेळापत्रक डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या.

प्रश्न: नकाशावर पट्टी ठेवली तर रेघ इराण-इराकवरून जाते. जवळचा रस्ता तोच ना? (वाचक, चिपळूण)

उत्तर: नाही. पृथ्वीगोलावर मुंबई ते लंडन दोरा ताणून बघा. तो कराची, अफगाणिस्तान, कॅस्पियन समुद्र, युक्रेन असा वर चढतो. दोऱ्याची वाट ७,२०० किलोमीटर, शाळेतल्या सपाट नकाशावरची पट्टी जवळपास ७,४००. पण युक्रेनचं आकाश फेब्रुवारी २०२२ पासून बंद आहे आणि एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननेही भारतीय विमानांना वाट बंद केली. त्यामुळे आपल्या कंपन्यांची विमानं अरबी समुद्रावरून वळसा घेतात. विमानात समोरच्या पडद्यावर दिसणारी वाट तुमच्या पट्टीच्या बरीच जवळ असेल ती या कारणाने.