मानी ड्रॅगन स्वाराला पाठीवर घेईल का?

तुमच्या गटातील एका खेळाडूला आपल्या सरदारासाठी प्रौढ सुवर्ण ड्रॅगन वाहन म्हणून हवा आहे, आणि इतक्या मानी व बुद्धिमान प्राण्याने कोणाला पाठीवर बसू देणे अशक्य आहे, असे बाकीच्यांचे म्हणणे आहे. मी सांगलीत गेली अनेक वर्षे दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाचा (यात प्रत्येक खेळाडू एक पात्र वठवतो आणि फासे टाकून गोष्ट पुढे जाते) डाव चालवतो आणि हा वाद माझ्या टेबलावर एकदा नव्हे, तीनदा झालेला आहे. माझ्या मते ड्रॅगन स्वार घेईल. मात्र तो निर्णय त्याने स्वतः केलेला असला पाहिजे आणि तो कधीही मागे घेण्याची मुभा त्याच्याकडे राहिली पाहिजे.

नियमपुस्तकानेही हेच गृहीत धरले आहे. २०१४ च्या आवृत्तीत शिकवलेला घोडा स्वाराच्या पाळीलाच हलतो आणि वेगाने धावणे, झटापटीतून निसटणे व बचाव करणे एवढ्या तीनच क्रिया करू शकतो. त्याच ठिकाणी ड्रॅगनचे नाव घेऊन सांगितले आहे की बुद्धिमान प्राणी स्वतंत्रपणे वागतात. त्यांची इनिशिएटिव्हमधील, म्हणजे लढाईतल्या पाळ्यांच्या क्रमातील, जागा त्यांचीच राहते आणि काय करायचे हे तेच ठरवतात. सामान्य माणसाची बुद्धिमत्ता १० धरली, तर प्रौढ सुवर्ण ड्रॅगनची १६ असते आणि त्याचा करिश्मा (समोरच्यावर छाप पाडण्याची ताकद) २४ असतो. म्हणजे टेबलावरच्या बहुतेक पात्रांपेक्षा तो अधिक विचार करतो आणि अधिक चांगले बोलतो.

आटपाडीकडे माझे आजोळ आहे. तिथे मामांचा एक खिलार बैल मामांशिवाय कोणाला जवळ येऊ देत नसे, आणि लहानपणी मला तोच स्वाभिमानाचा नमुना वाटायचा. ड्रॅगनचा विचार करताना आपण नकळत त्या बैलापासून सुरुवात करतो आणि म्हणून चुकतो. बैल कितीही तापट असला तरी त्याच्या नाकात वेसण असते आणि तिचा कासरा माणसाच्या हातात असतो. ड्रॅगनला वेसण घालता येत नाही. त्याच्याशी बोलावे लागते.

याचे उत्तम उदाहरण महाभारताच्या आदिपर्वात आहे. गरुड अमृत घेऊन निघाला असताना त्याने ते स्वतः चाखलेसुद्धा नाही, हे पाहून विष्णू प्रसन्न झाला. गरुडाने त्याच्याकडे दोन वर मागितले: मी तुझ्याही वर असेन, आणि अमृत न पिता अजरामर होईन. ते मिळाल्यावर गरुड म्हणाला की आता मीही तुला वर देतो, आणि विष्णूने त्याला आपले वाहन होण्याची विनंती केली. त्याच वेळी विष्णूने त्याला आपल्या ध्वजावर स्थान दिले, म्हणून तो गरुडध्वज. वाहन होणे हे इथे गरुडाने दिलेले दान आहे, आणि ते देताना त्याची जागा स्वाराच्या वर राहिली आहे. उलट इंद्रपदावर बसलेल्या नहुष राजाने ऋषींना आपल्या पालखीला जुंपले आणि अगस्त्यांना लाथ मारली. त्याबद्दल शाप मिळून तो सर्प होऊन खाली पडला. तुमच्या खेळाडूने या दोन कथा शेजारी ठेवून वाचाव्यात असे मला मनापासून वाटते.

ड्रॅगन असे दान का देईल, याचे एक कारण काळात आहे. या खेळात ड्रॅगन १०१ ते ८०० वर्षांपर्यंत प्रौढ समजला जातो. १७०८ मध्ये साताऱ्याला शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला, त्या वर्षी अंड्यातून बाहेर आलेला ड्रॅगन आजही प्रौढच असता आणि वृद्ध म्हणवून घ्यायला त्याला आणखी जवळजवळ पाचशे वर्षे लागली असती. अशा प्राण्यासाठी एका माणसाला चाळीस वर्षे साथ देणे म्हणजे आयुष्यभराची गुलामी नव्हे. आवडत्या पाहुण्याला एका पावसाळ्यापुरते घरी ठेवून घेण्याइतकीच ती गोष्ट आहे.

पण त्याला त्याबदल्यात काय हवे आहे? सुवर्ण ड्रॅगन स्वतः मनुष्यरूप घेऊ शकतो, त्यामुळे दरबारात बोलणी करायला त्याला मध्यस्थ लागत नाही. लाल ड्रॅगनला ती सोय नाही, म्हणून खरे तर माणसाची गरज त्याला अधिक आहे, आणि ती मान्य करण्याची तयारी मात्र सर्वांत कमी. तुमच्या सुवर्ण ड्रॅगनसाठी एखादे ध्येय शोधा: त्याने रक्षणाचे वचन दिलेला वंश, किंवा त्याला एकट्याला न पेलणारा शत्रू. ते सापडत नसेल तर स्वारी देऊ नका. सापडले, तर ड्रॅगन गेम मास्टरच्याच, म्हणजे डाव चालवणाऱ्याच्याच, हातात ठेवा आणि पहिल्या उड्डाणाआधी त्याच्या अटी खेळाडूकडून वहीत लिहून घ्या. दोनशे फुटांवरून पडल्यास सहा बाजूंच्या वीस फाशांच्या बेरजेइतकी इजा होते, म्हणजे सरासरी ७०. स्वाराचा जीव कोणाच्या विश्वासावर आहे, हे त्या आकड्यावरून खेळाडूला नीट कळते.

माझ्या टेबलावर एका कांस्य ड्रॅगनने दोन अटी घातल्या होत्या: खोगीर चालणार नाही, आणि शरण आलेल्यावर वार होणार नाही. सहाव्या सत्रात स्वाराने शस्त्रे टाकून पळणाऱ्या सैनिकांवर तोंडातून वीज सोडण्याचा हुकूम ड्रॅगनला केला. ड्रॅगनने त्याला नदीकाठी अलगद उतरवले आणि तो निघून गेला. खेळाडू आधी माझ्यावर रागावला, मग त्याने वही उघडून त्या दोन ओळी वाचल्या. पुढची तीन सत्रे तो पायी चालत ड्रॅगनच्या समुद्रकाठच्या गुहेपर्यंत गेला, आणि तिथे त्याने पाठीवर घेण्याची मागणी न करता त्या सैनिकांची क्षमा कशी मागावी, एवढेच ड्रॅगनला विचारले.