14 फेब्रुवारी आणि आपण एकट्या

अगं, 27 वर्षांची होते तेव्हा मीपण वसईच्या सुरुची बीचवरून जोड्या बघून घरी आले नि उशीत तोंड खुपसून रडले. आता 43 ची आहे, लग्न नाही झालं, म्हणून हक्काने सांगते. त्या दिवशी मोबाईल लांब ठेव, स्टेटस बघत बसलीस की संध्याकाळपर्यंत जीव नुसता कासावीस होतो.

आणि संत व्हॅलेंटाइनबद्दल एक लक्षात घे, तो रोमचा रक्तसाक्षी, श्रद्धेसाठी जीव दिलेला माणूस. 1969 ला कॅथलिक चर्चने त्याचा सण आपल्या जागतिक कॅलेंडरमधून काढला, आता त्या तारखेला सिरिल आणि मेथोडियस या दोन भावांचा सण असतो, ते मिशनरी होते. 2024 ला तर राखेचा बुधवारच, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळाचा पहिला दिवस, 14 ला आला. सकाळी चर्चमध्ये मिस्सेला गेले, फादरांनी कपाळावर राख लावली, थोडी नाकावर सांडली ती मी पुसलीच नाही, दिवसभर उपास, आणि खरं सांगते त्या दिवशी मला एकटं वाटलं नाही.

काकू मावश्या 'कधी गं लग्न' विचारणारच. चिडू नकोस, पण स्वतःला अर्धवट पण समजू नकोस, प्रेषित पौल स्वतः एकटा होता, बायबलमधल्या त्याच्या करिंथकरांच्या पहिल्या पत्राचा 7 वा अध्याय शांतपणे वाच. लग्नाची इच्छा असेल तर देवाकडे मोकळेपणी माग, त्यात लाज कसली.

आणि संध्याकाळी एकटी बसू नकोस गं, शेजारच्या एखाद्या विधवा आजीकडे मोगऱ्याचा गजरा घेऊन जा. मी दरवर्षी जाते, ती आधी केसात माळते, मग चहा टाकते.